पॅनेल घरमालकाचे, लॉगिन मात्र एजन्सीचे

प्रति,
मा. संपादक,
सांगली.

विषय : घरगुती सौर यंत्रणेच्या मॉनिटरिंगचा पूर्ण ताबा घरमालकाला मिळण्याबाबत

महोदय,

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. पहिल्या 2 किलोवॉटना प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, असे जास्तीत जास्त 78 हजार रुपये अनुदान असल्याने आपल्याकडे 3 किलोवॉट हे घरगुती सोलरचे ठरीव माप होऊन बसले आहे. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी त्याच वर्षी राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. अनुदान कधी जमा होते, नेट मीटर (वीज घेतली-दिली दोन्ही मोजणारा) किती दिवसांत मिळतो, यावर वर्तमानपत्रांत भरपूर छापून येते. बसवलेली पॅनेल खरोखर किती वीज देतात हे घरमालकाला कळायची सोय आहे की नाही, यावर मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. सांगली-सातारा भागात सौर यंत्रणा जोडायचे आणि दुरुस्त करायचे काम करणारे आम्ही काही जण त्याबद्दल हे पत्र लिहीत आहोत.

पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर दर पाच मिनिटांनी जी माहिती कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो, ती सगळी घरमालकाला दिसली पाहिजे आणि त्या खात्याची मालकी त्याच्याच नावावर असली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. आज अनेक घरांत काय होते? जोडणीच्या दिवशी यंत्रणा बसवणाऱ्या एजन्सीचा मुलगा स्वतःच्या खात्यात 'प्लँट' (त्या घराच्या यंत्रणेची नोंद) तयार करतो, घरमालकाच्या फोनवर ॲप टाकून त्याला नुसते बघायचे लॉगिन देतो आणि आजचे युनिट, महिन्याचे युनिट व एक हिरवी खूण दाखवून निघून जातो. त्या हिरव्या खुणेचा अर्थ इतकाच की इन्व्हर्टर चालू आहे. 14 युनिट व्हायच्या जागी 10 होत असले तरी खूण हिरवीच राहते.

योजनेच्या नमुना करारानुसार एजन्सीने 5 वर्षे देखभाल करायची आहे आणि यंत्रणेचा परफॉर्मन्स रेशो 75 टक्के राखायचा आहे. पॅनेलवर पडलेल्या उन्हातून जेवढी वीज व्हायला हवी होती, त्यातली प्रत्यक्षात किती हाती आली, तो हा रेशो. 3.24 किलोवॉटच्या पॅनेलांवर दिवसभरात चौरस मीटरमागे 5.5 युनिट ऊन पडले, तर कागदावरचा आकडा 17.8 होतो आणि त्याचे 75 टक्के म्हणजे साधारण 13.4 युनिट. अट चांगली आहे. ती पाळली जाते का हे तपासायला लागणारा आकडा ज्याचे छत आहे त्याच्याकडेच नसेल, तर ती करारात असून नसल्यासारखी.

लाइट बिलावरून हे कळेल, असे पुष्कळांना वाटते. बिलावर आयात (महावितरणकडून घेतलेली वीज) आणि निर्यात (महावितरणला दिलेली) असते, निर्मिती नसते. दिवसा पॅनेलवर झालेली जी वीज घरातच पंखा, फ्रीज, मिक्सरने वापरली ती नेट मीटरपर्यंत पोचतच नाही. समजा महिन्यात ॲपवर 360 युनिट निर्मिती आहे, बिलात निर्यात 250 आणि आयात 190. 360 मधून 250 वजा केले की 110 युनिट थेट घरात वापरले गेले. त्यात आयातीचे 190 मिळवले की घराचा एकूण वापर 300. बिलात 60 युनिट शिल्लक पुढे ओढले जातात आणि 31 मार्चला वर्षाचा हिशेब होतो. आता पॅनेलवर काजळी बसून निर्मिती 290 वर आली आणि वापर तोच राहिला, तर निर्यात 180 च्या आसपास येते आणि घरमालकाला 10 युनिटचे बिल येते. 10 युनिटसाठी कोण तक्रार करतो? गिझर जास्त चालला असेल म्हणून विषय संपतो आणि 70 युनिट गेले हे कोणाच्या गावीही नसते. जिथे निर्मिती मोजणारा वेगळा जनरेशन मीटर बसवला आहे, तिथे त्याचा आकडा महिन्यातून एकदा ॲपच्या आकड्याशी ताडून पाहावा. इन्व्हर्टरचे स्वतःचे मोजमाप दोन-तीन टक्के इकडेतिकडे असते. फरक त्याहून मोठा दिसला तर विचारणा करावी.

आता ॲपच्या आतल्या पानाकडे येऊ. बहुतेक ॲपमध्ये ते 'डिव्हाइस' किंवा 'पॅरामीटर्स' या नावाखाली असते, आणि नेमके तेच अनेकदा फक्त एजन्सीच्या लॉगिनला उघडते. तिथे पीव्ही (पॅनेलकडचे) व्होल्टेज, पीव्ही करंट, एसी (लाइनकडचे) व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, इन्व्हर्टरचे तापमान आणि अलार्मची यादी असते. एवढ्या सहा गोष्टी हातात असल्या की छतावर न चढता निम्म्याहून जास्त दोष ओळखता येतात.

540 वॉटची सहा पॅनेल एका माळेत, म्हणजे एका स्ट्रिंगमध्ये, ही 3 किलोवॉटची नेहमीची मांडणी. अशा पॅनेलच्या मागच्या लेबलवर व्हीएमपी (पूर्ण क्षमतेवरचे व्होल्टेज) 41.6 व्होल्टच्या आणि आयएमपी (तेव्हाचा करंट) 13 अँपिअरच्या आसपास असतो. सहा पॅनेलचे 250 व्होल्ट झाले. पण लेबलवरचे आकडे 25 अंश तापमानाचे असतात. एप्रिलच्या दुपारी पॅनेलच्या काचेखाली 60 अंशांच्या वर जाते, आणि दर अंशामागे साधारण 0.35 टक्के घट धरली तर 12 टक्के उष्णतेतच गेले. म्हणून स्वच्छ दुपारी ॲपवर 220 च्या आसपास व्होल्ट, 11 ते 12 अँपिअर आणि अडीच किलोवॉट दिसले तर यंत्रणा ठणठणीत आहे असे समजावे, 3.24 किलोवॉट कधीच का दिसत नाही म्हणून एजन्सीशी भांडू नये. मे महिन्यात फेब्रुवारी-मार्चपेक्षा युनिट कमी आले, तर तेवढ्यावरूनही दोष काढू नये. आणखी एक: आपल्या भागात सूर्य बरोबर बाराला माथ्यावर येत नाही, साडेबाराच्या आसपास येतो. आलेखाचे शिखर तिथे नसेल आणि पॅनेल दक्षिणेकडे असतील, तर सावली कुठून येते ते बघायला हवे.

आकडे वाचायचा साधा नियम असा की धूळ अँपिअर खाते, सावली आणि बिघडलेला डायोड व्होल्ट खातात. सगळ्या पॅनेलवर सारखी धूळ बसली की व्होल्टेज 220 च्या आसपासच राहते आणि करंट 11.6 वरून 10.2 वर येतो. आमच्या भागात हे ऊस गाळपाच्या हंगामात हमखास होते. कारखान्याच्या चिमणीची काजळी, पाचट पेटवल्यावर उडणारी राख, नदीकाठच्या वीटभट्ट्यांचा धूर हे सगळे पहाटेच्या दवात भिजून काचेला चिकटते आणि नुसत्या वाऱ्याने निघत नाही. जत, आटपाडी, माण, खटावकडे पाऊसच कमी असल्याने धूळ महिनोन्‌महिने धुतली जात नाही. पॅनेलचा उतार कमी असेल तर धुतल्यानंतरचे पाणी खालच्या ॲल्युमिनियम चौकटीशी अडते आणि तिथे बोटभर रुंदीचा चिखलाचा पट्टा वाळतो. लांबून पॅनेल स्वच्छ दिसते, पण त्या पट्ट्याखाली सेलच्या तळाच्या अख्ख्या रांगेची कड झाकलेली असते. हा पट्टा नुसत्या पाइपच्या पाण्याने जात नाही. मऊ स्पंजने कडेकडेने पुसून काढावा लागतो.

धुवायचे ते सकाळी ऊन चढायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले आणि वाळू दिले तर पांढरे डाग कायमचे बसतात, तेव्हा शेवटचा हात नळाच्या पाण्याचा द्यावा. कपड्याची पावडर आणि गाड्या धुवायचा प्रेशर पंप दोन्ही नको. धुण्याआधी एका स्वच्छ दिवशी साडेबाराचा करंट लिहून ठेवावा, धुतल्यावर दुसऱ्या स्वच्छ दिवशी त्याच वेळेचा पाहावा. फरक तीन-चार टक्क्यांच्या आतला असेल तर इतक्या लवकर धुवायची गरज नव्हती. दर पंधरवड्याला माणूस लावून पॅनेल धुणाऱ्या घरांत हा आकडा बघितला, तर निम्मा खर्च वाचेल असे आमचे मत आहे.

सावलीचे आणि डायोडचे गणित वेगळे. एका पॅनेलमध्ये तीन बायपास डायोड असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला पॅनेलचा एक तृतीयांश भाग, म्हणजे साधारण 14 व्होल्ट येतात. एखाद्या भागावर सावली पडली की त्याचा डायोड तो भाग वगळून वीज पुढे जाऊ देतो. त्यामुळे स्ट्रिंगचे व्होल्टेज एकदम 14 च्या टप्प्याने खाली येते. हे रोज दुपारी साडेतीननंतरच होत असेल तर पाण्याची टाकी, डिशची छत्री, शेजारचा नवा मजला यांपैकी काहीतरी आडवे येते. डिसेंबरात आपल्याकडे भरदुपारीही एक मीटर उंच कठड्याची सावली सुमारे 85 सेंटिमीटर पडते, सकाळ-संध्याकाळ तर कितीतरी लांब. जूनमध्ये ॲप पाहून 'सावली नाही' असे ठरवलेल्या छतावर ती हिवाळ्यात हजर होते. पण सकाळी नऊलाही 14 व्होल्ट कमी, बारालाही कमी, चारलाही कमी, असे स्वच्छ दिवशी दिसले तर डायोड शॉर्ट झाला असण्याची शक्यता दाट. दिवसाला तेरा युनिट देणाऱ्या यंत्रणेत हा सहा टक्क्यांचा फटका आहे, म्हणजे वर्षाला 300 च्या आसपास युनिट. रोजच्या युनिटच्या आकड्यात तो ढगांमध्ये लपून जातो. व्होल्टेजच्या ओळीत मात्र लख्ख दिसतो. कंपनीकडे वॉरंटी मागतानाही हीच ओळ कामाला येते. 'वीज कमी होते' या तक्रारीवर टोलवाटोलवी होते, तीन महिन्यांचा व्होल्टेजचा तक्ता जोडला की पॅनेल तपासायला माणूस पाठवावा लागतो. म्हणून नुसते आजचे आकडे दिसणे पुरेसे नाही, जुना सगळा तपशील एक्सेलमध्ये उतरवून घेता आला पाहिजे.

उरलेले दोष पटकन सांगतो. व्होल्टेज 270 च्या घरात आणि करंट शून्य, म्हणजे पॅनेल ठीक आहेत पण इन्व्हर्टर वीज घेत नाही. लाइट गेली असेल किंवा इन्व्हर्टर ट्रिप झाला असेल. भर उन्हात व्होल्टेजही शून्य, म्हणजे डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडायचा स्विच) बंद, डीसीडीबीतला (पॅनेलकडच्या वितरण पेटीतला) फ्यूज गेलेला किंवा पॅनेलच्या तारा जोडणारा एमसी-4 कनेक्टर सुटलेला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एमसी-4 एकमेकांत बसवले की ते बसतात, पण आतला संपर्क नीट होत नाही. काही महिन्यांनी तापून वितळतात. घरमालकाने कनेक्टरला हात लावू नये. चालू डीसी लाइनचा कनेक्टर ओढला की ठिणगी न विझता पेटत राहते. आलेखाचा माथा 3000 वॉटवर सपाट कापल्यासारखा दिसतो तो दोष नाही, इन्व्हर्टरची क्षमता तिथे संपते. दुपारी मात्र 2500 वरून 2000 वर येऊन तासभर तिथेच रेंगाळत असेल आणि इन्व्हर्टरचे तापमान चढलेले असेल, तर इन्व्हर्टर पत्र्याला खेटून किंवा उन्हात लावलेला आहे; त्याला सावली आणि हवा द्या. पावसाळ्यात पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे इन्व्हर्टर सकाळी सातऐवजी साडेनऊला सुरू होऊ लागला आणि अलार्ममध्ये 'आयएसओ' किंवा 'इन्सुलेशन' असा शब्द आला, तर कुठेतरी कनेक्टरमध्ये पाणी शिरले आहे किंवा उंदराने केबल कुरतडली आहे. ऊन पडून वाळले की तो चालू होतो, म्हणून दुपारी आलेल्या माणसाला काही सापडत नाही. पहाटेच्या अलार्मची नोंद दाखवल्याशिवाय हा दोष कोणी मान्य करत नाही, आणि तो तसाच सोडणे धोक्याचे आहे.

यापेक्षा जास्त डोकेदुखी आहे ती ग्रिडच्या, म्हणजे महावितरणच्या लाइनच्या, व्होल्टेजची, कारण त्यात घरमालक, एजन्सी आणि महावितरण यांच्यात चेंडू फिरत राहतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013 च्या नियमांनुसार व्होल्टेज नेहमीच्या 110 टक्क्यांवर, म्हणजे 230 चे 253 व्होल्टवर गेले की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत बाजूला व्हायचे असते. दुपारी बारा ते दोन गल्लीत वापर कमी, पाच-सहा छतांवरून वीज बाहेर पडते आणि लाइनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज चढते. इन्व्हर्टर ट्रिप होतो, काही मिनिटे थांबून पुन्हा जोडतो, पुन्हा ट्रिप होतो. आलेख करवतीच्या दात्यांसारखा होतो आणि दिवसाची सर्वांत मोलाची वीज जाते.

यात चूक कोणाची हे दोन आकड्यांवरून ठरते. दुपारी ट्रिप होण्याच्या वेळेला इन्व्हर्टरचे एसी व्होल्टेज ॲपवर पाहावे आणि त्याच क्षणी वायरमनकडून मीटरपाशी मोजून घ्यावे. इन्व्हर्टरला 256 आणि मीटरला 250 असेल तर मधले 6 व्होल्ट केबलमध्ये आहेत. हिशेब सोपा आहे. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत 30 मीटर अंतर, जाऊन-येऊन 60 मीटर तांब्याची तार, 13 अँपिअर करंट. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे 5.8 व्होल्टचा फरक पडतो, 4 मध्ये 3.6 आणि 6 मध्ये 2.4. एजन्सीने थोडे पैसे वाचवायला बारीक तार ओढली असेल, तर घरमालक दर उन्हाळ्यात त्याची किंमत युनिटमध्ये मोजतो. ढिला स्क्रू किंवा ॲल्युमिनियम-तांब्याचा वेडावाकडा जोडही हेच करतो. पण मीटरपाशीच 255 असेल तर काम महावितरणचे आहे: ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) खाली घेणे, नाहीतर एकाच फेजवर गोळा झालेली सोलरची घरे तिन्ही फेजवर वाटणे. उपविभागीय कार्यालयात 'व्होल्टेज जास्त येते' असा अर्ज दिला तर 'बघू' असे उत्तर मिळते. आठवडाभराचा पाच-पाच मिनिटांचा तक्ता जोडला तर अभियंत्यालाही वरिष्ठांकडे मागणी करायला आधार मिळतो. तो तक्ता एजन्सीच्या खात्यात अडकलेला असेल, तर अर्ज कोऱ्या तक्रारीसारखाच राहतो.

काही ठिकाणी यावर सोपा उपाय केला जातो: सेटिंगचा पासवर्ड टाकून ट्रिपची मर्यादा 265-270 वर नेली जाते. ॲपवरचे अलार्म गायब होतात, घरमालक खूश होतो, आणि त्याच्या व शेजाऱ्याच्या फ्रीज-टीव्हीला दुपारभर 260 च्या वर व्होल्टेज मिळत राहते. म्हणून आमची मागणी नीट समजून घ्यावी. घरमालकाला सगळे दिसावे असे आम्ही म्हणतो. संरक्षणाच्या सेटिंग बदलण्याचा अधिकार त्याला द्यावा असे म्हणत नाही, आणि एजन्सीनेही त्या परस्पर बदलू नयेत. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद मात्र घरमालकाला दिसलीच पाहिजे.

आता जोडणीबद्दल. इन्व्हर्टरच्या बुडाला लावलेली काडी, म्हणजे डाटा लॉगर, आपल्या बोलीत डोंगल, ही यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. वायफायचे डोंगल बहुधा फक्त 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालते. नव्या राउटरमध्ये 2.4 आणि 5 एकाच नावाखाली असले की ते जोडले जात नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावे द्यावीत. फायबरवाला बदलला, राउटर बदलला, पासवर्ड बदलला, की डोंगल मुके होते. महिन्यांनंतर कोणाच्या तरी लक्षात येते. मधला तपशील काही डोंगल साठवून ठेवतात आणि नंतर पाठवतात, काही साठवत नाहीत. नव्या राउटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला की हा सगळा व्याप वाचतो. तळमजल्यावरचा राउटर आणि गच्चीवरचा इन्व्हर्टर यांच्यामध्ये दोन स्लॅब आले की सिग्नल पोचत नाही. जिन्याच्या खोलीत एक साधा रिपीटर लावावा किंवा लॅनचे डोंगल घेऊन केबल ओढावी. रात्री 'ऑफलाइन' दिसते ते बरोबरच आहे, डोंगलला वीज इन्व्हर्टरकडूनच मिळते.

डोंगल पुन्हा जोडायचे असेल तर त्याचे स्वतःचे वायफाय फोनवर शोधावे. सोलरमन कंपनीच्या डोंगलचे नाव 'एपी' या अक्षरांनी सुरू होऊन पुढे त्याचा क्रमांक असतो. त्याला जोडून ब्राउझरमध्ये 10.10.100.254 हा पत्ता टाकला की पान उघडते. मूळ नाव आणि पासवर्ड दोन्ही 'ॲडमिन'. तिथे घरचे वायफाय निवडून पासवर्ड टाकावा, आणि जाता जाता तो 'ॲडमिन'ही बदलावा. सिमकार्डचे डोंगल असेल तर सिम कोणाच्या नावावर आहे आणि रिचार्ज किती वर्षांचा भरला आहे हे पावतीवर लिहून घ्यावे. रिचार्ज संपल्यावर एजन्सी फोन उचलत नाही, हा फार जुना प्रकार आहे.

खाते नावावर करून घेण्याची वेळ एकच, शेवटची रक्कम देण्याआधी. खाते घरमालकाच्या स्वतःच्या ईमेलवर उघडावे, एजन्सीच्या मोबाइलवर नव्हे. इन्व्हर्टरचा आणि डोंगलचा अनुक्रमांक, डोंगलवरचा पिन किंवा चेक कोड यांचे फोटो काढून ठेवावेत आणि हे क्रमांक एजन्सीच्या बिलावर छापून घ्यावेत. सोलरमन, ग्रोवॅटचे शाइनफोन, सोलिसक्लाउड, सनग्रोचे आयसोलारक्लाउड या सगळ्या ॲपमध्ये मालक आणि बसवणारा अशी वेगवेगळ्या दर्जाची खाती असतात. प्लँट मालकाच्या खात्यात असावा आणि एजन्सीला त्यात देखभालीपुरता प्रवेश द्यावा. सध्या असते याच्या बरोबर उलट. तपासायची खूण सोपी: घरमालकाच्या ॲपमधून एजन्सीला काढून टाकायचा पर्याय दिसतो का? दिसत असेल तर मालकी खरी. एजन्सी बंद पडली किंवा दाद देत नसेल तर इन्व्हर्टर कंपनीच्या सेवा केंद्राला बिल, अनुक्रमांकाच्या पट्टीचा फोटो आणि नेट मीटरचे कागद पाठवून प्लँट मोकळा करून मागता येतो. बिलावर अनुक्रमांक नसेल तर इथेच गाडे अडते.

विक्रेते हल्ली 'प्रत्येक पॅनेलची वेगळी माहिती' असेही सांगतात. साध्या स्ट्रिंग इन्व्हर्टरमधून ती मिळत नाही, कोणी काहीही सांगो. त्यासाठी प्रत्येक पॅनेलखाली मायक्रोइन्व्हर्टर (त्या पॅनेलपुरता छोटा इन्व्हर्टर) किंवा ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनेलची वीज वेगळी सांभाळणारा डबा) लागतो. तो असला तरी पॅनेलनिहाय नकाशा घरमालकाला दाखवायचा की नाही हे काही प्रणालींत बसवणारा ठरवतो, म्हणजे पैसे मोजूनही पडदा तोच. तो उघडून मागावा. एकाच दिशेला, मोकळ्या गच्चीवर सहा पॅनेल असतील तर हा जादा खर्च आम्ही सुचवणार नाही. दोन-तीन दिशांना उतरती कौले आणि शेजारी नारळ असेल तर जरूर करावा. त्याआधी घरचा वापर मोजणारा छोटा मीटर बसवणे जास्त उपयोगाचे. त्याच्या सीटीवरचा (तारेभोवती बसणाऱ्या कड्यावरचा) बाण उलटा बसला की ऊन वाढेल तसा घरचा वापर वाढलेला दिसतो, आणि मीटरकडून इन्व्हर्टरकडे माहिती नेणाऱ्या आरएस 485 च्या दोन तारा उलट झाल्या तर काहीच दिसत नाही.

तुलनेसाठी शेजाऱ्याइतके चांगले साधन नाही. दिवसाचे युनिट भागिले पॅनेलचे किलोवॉट, हा आकडा गल्लीतल्या दोन-तीन घरांनी एकाच दिवशी काढावा. वर्षाची सरासरी किलोवॉटमागे दिवसाला 4 युनिटच्या आसपास येते; जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेकडच्या तालुक्यांत ती बरीच खाली जाते आणि जत-आटपाडीकडे तेवढी जात नाही. म्हणून पाटणने जतशी बरोबरी करू नये. एकाच गल्लीत मात्र सारख्या दिशेच्या पॅनेलांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर ज्याचा आकडा कमी त्याने व्होल्टेज आणि करंटचे पान उघडावे. आकडे सांगावेत, लॉगिन वाटू नये. घर कधी रिकामे असते हे त्या आलेखावरून कोणालाही कळते.

कृष्णाकाठच्या घरांसाठी एक गोष्ट स्वतंत्र सांगायला हवी. 2019 आणि 2021 च्या पुराची खूण ज्या भिंतीवर आहे, तिथे त्या खुणेच्या वरच इन्व्हर्टर, डीसीडीबी आणि एसीडीबी (इन्व्हर्टरपुढची वितरण पेटी) असावेत. पुरात महावितरणने लाइट बंद केली तरी दिवसा पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची डीसी केबल जिवंतच असते, आणि त्या वेळी ॲपवर 'ऑफलाइन' दिसते म्हणून ती मेली असे समजून कोणी पाण्यातून तिकडे जाऊ नये.

महावितरणकडे आमची विनंती अशी की नेट मीटर जोडताना तपासणीच्या कागदावर 'मॉनिटरिंग खाते ग्राहकाच्या नावे दिले' अशी एक ओळ आणि ग्राहकाची सही असावी. नवे टीओडी (वेळेनुसार वीज मोजणारे) मीटर जिथे लागले आहेत तिथे आयात आणि निर्यात दोन्ही वेळेनुसार ग्राहकाला ॲपवर दाखवावी. एजन्सींनी कोटेशनमध्येच डोंगलचा प्रकार, एसी केबलचा चौरस मिलिमीटर आणि खात्याची मालकी या तीन गोष्टी लिहून द्याव्यात. ज्यांची यंत्रणा आधीच बसली आहे त्यांनी पाच वर्षांची देखभाल संपायच्या आत खाते नावावर करून घ्यावे आणि आतापर्यंतचा सगळा तपशील एक्सेलमध्ये उतरवून ठेवावा. देखभाल संपल्यावर एजन्सीला ते करण्याचे कारणच उरत नाही.

आपले,
सौर यंत्रणा जोडणी व दुरुस्ती करणारे काही तंत्रज्ञ,
सांगली